केळीच्या एका घडामागे किती जणांचा पगार निघतो?

बारावीचा निकाल लागला की आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात घरोघरी एकच वाक्य, ॲग्रीला टाकून देऊ पोराला, नाहीतरी शेती आहेच. आणि ॲग्री करून पुढे काय, तर एमपीएससी. मधलं काही कोणाला दिसतच नाही. परवा भाच्याचा फोन आला, मामा ॲग्री घेऊ का, तर म्हटलं भो आधी आपली केळी कुठून कुठे जाते ते बघ, नोकऱ्या त्याच रस्त्यावर आहेत. त्याला सांगितलं तेच इथे टाकतोय, जरा लांबेल.

सुरुवात लॅबपासून. पूर्वी कंद लावायचे, आता बहुतेक जण जी नाईन या केळीच्या वाणाची टिश्यू कल्चर रोपं आणतात. निरोगी झाडाच्या कंदाचा कोंब घ्यायचा, बाटलीत जेलीसारख्या मीडियावर, म्हणजे रोपाच्या खाद्यावर, वाढवायचा, एकाचे अनेक करायचे. पण बाटलीतलं रोप थेट आपल्या उन्हात ठेवलं तर दुपारपर्यंत संपलं, म्हणून आधी ग्रीनहाऊस मग शेडनेट असं हळूहळू बाहेर आणतात, याला हार्डनिंग म्हणतात. शिवाय मातृझाडात व्हायरस आहे का ते तपासावं लागतं नाहीतर रोग रोपांसोबतच शेतात येतो. हे सगळं बायोटेक आणि हॉर्टिकल्चरवाल्या पोरापोरींचं काम, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही, जळगावातच टिश्यू कल्चरचं मोठं काम चालतं.

मग जमीन. माती परीक्षणाच्या कागदावर सामू, ईसी, सेंद्रिय कर्ब असं लिहिलेलं असतं आणि निम्मे लोक तो कागद घडी करून सातबाऱ्यासोबत ठेवून देतात. सामू म्हणजे पीएच, ईसी म्हणजे जमिनीतल्या क्षारांचं माप. आपल्या काळ्या जमिनीत तो ८ च्या पुढे गेला की लोह, झिंक जमिनीत असूनही पिकाला नीट मिळत नाही, पानं पिवळी पडतात आणि आपण अजून एक गोणी युरिया टाकतो. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत साधारण २०.७ किलो, बाकीचं वजन नुसतं वाहून आणतो आपण. डीएपी १८:४६, म्हणजे ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद (फॉस्फेट). एवढा हिशोब ज्याला तोंडी जमतो त्याचं कृषी सेवा केंद्र चालतं, आणि लायसन्सलाही शेतीचं शिक्षण कामी येतं.

पाण्याचं बोलायचं तर वाफसा हा शब्द आजोबांकडून ऐकला असेलच, पाणी निथरलंय, ओल आहे पण चिखल नाही, मुळांना हवाही मिळतेय. ड्रिपचं सगळं गणित हा वाफसा टिकवायचं आहे. ६ बाय ५ फुटावर एकरी १४५२ झाडं, प्रत्येकाला ताशी किती लिटर, पाईप केवढ्याचा, मोटर किती एचपीची, हे काढतो तो कृषी अभियंता. बीटेक आहे ते, मॅथ्स लागतं, आणि आमच्याकडे या कोर्सचं नावही कोणी घेत नाही, कमाल आहे!

घड कापला की पॅकहाऊस, म्हणजे फण्या धुणं, ग्रेडिंग, बॉक्स. एक्स्पोर्टचा माल कंटेनरमध्ये १३-१४ डिग्रीला जातो, त्याखाली गेलं तर सालीवर काळपट डाग पडतात आणि सौदा गेला. इथल्या मार्केटचा माल रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन गॅसवर पिकवतात, कार्बाइडला बंदी आहे. फूड टेक्नॉलॉजी आणि ॲग्री बिझनेस शिकलेल्यांची जागा इथे.

कापसाचं एकच सांगतो. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात, मादीच्या वासाला फसून नर पतंग अडकतात. सापळ्यात रोज ८ पतंग असे सलग ३ दिवस आले की फवारणीची वेळ, याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात, म्हणजे त्याआधी फवारलं तर औषधाचा खर्च अळीच्या नुकसानीपेक्षा जास्त. आणि फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही उभं ठेवलेलं कापसाचं पीक, ठेवू नका हे कृषी विभाग ओरडून सांगतो कारण अळीला खायला मिळतच राहतं. कीटकशास्त्रात एमएस्सी केलेली मंडळी हेच करतात, कंपनीत, कृषी विज्ञान केंद्रात, विद्यापीठात.

सरकारी म्हणशील तर एमपीएससीची कृषी सेवा आहेच, पण बँकांची भरती घेणाऱ्या आयबीपीएसची ॲग्रीकल्चर फील्ड ऑफिसरची परीक्षा जास्त पोरांनी द्यावी असं माझं मत, सरळ बँकेत अधिकारी होतो माणूस.

ॲडमिशनचं थोडक्यात. बीएस्सी ॲग्री चार वर्षं, एमएचटी-सीईटी लागते. आपला खान्देश राहुरी विद्यापीठाखाली येतो, धुळ्याचं सरकारी कॉलेज त्याच विद्यापीठाचं. शेवटच्या वर्षी गावात राहून काम करायचं असतं, कृषिदूत-कृषिकन्या म्हणून पेपरात फोटो येतात ते हेच. दहावीनंतर डिप्लोमाही आहे. खासगी कॉलेज घेणार असशील तर फी भरायच्या आधी त्यांच्या फार्मवर एक चक्कर मार, पिकं उभी आहेत की नुसतं गाजरगवत ते स्वतः बघ, आणि जमलं तर थर्ड इयरच्या पोरांना कँटीनमध्ये गाठून विचार प्रॅक्टिकल खरंच होतात का, फक्त सर लोक जवळ नसताना.