खांदा, माया आणि बोअरचं पाणी

मराठवाड्यात कपड्यांचा विचार उन्हापासूनच सुरू करावा लागतो. मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि लग्नसराईही ऐन तेव्हाच असते. म्हणून ब्रँड नंतर. आधी कापड बघा, मग खांदा.

रोजच्या वापरातला ओव्हरसाइज टी-शर्ट घेताना लेबलवरचा जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, वाचा. २४० जीएसएमचं कापड झोकात पडतं, आकार धरून राहतं, पण दुपारी अंगावर घोंगडीसारखं होतं. आपल्याकडे १६० ते १८० बरं. त्याहून पातळ घेतलं तर चार धुण्यांत गळा सैल होतो. कापड सुतीच आहे का, अशी शंका आली तर आतल्या कडेतून कापडाचाच एक धागा काढून जाळून बघा, शिलाईचा नको; तो बहुतेकदा पॉलिस्टरचा असतो. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटांनी चुरते. पॉलिस्टरचा मात्र वितळून कडक मणी होतो.

शर्ट मात्र शिवूनच घ्यावा, या मतावर मी ठाम आहे. तयार शर्टात छाती जुळली तर खांदा उतरतो आणि खांदा जुळला तर पोटावर बटणं ताणतात. मध्यम अंगाच्या माणसाच्या फुल शर्टाला ५८ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, १.६० मीटर कापड पुरतं, ३६ पन्ह्याचं मात्र सव्वादोन ते अडीच मीटर लागतं. चौकटी जुळवायच्या असतील तर पाव मीटर जास्त घ्या. सुती कापड शिवण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा आणि मगच मास्तरांकडे द्या. न भिजवलेलं सुती कापड ३ ते ५ टक्के आटू शकतं. म्हणजे ३० इंच उंचीचा शर्ट पहिल्याच धुण्यात इंच-दीड इंच वर चढतो, आणि बोलणी खातो बिचारा टेलर.

माप देताना अंगात सैल शर्ट नको, बनियनवर उभं राहा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर संपली पाहिजे. ती खाली घसरली की बाही ओढली जाते आणि काखेत चुण्या पडतात. छाती नंतर आत घेता येते. खांद्यासाठी मात्र बाही उसवावी लागते, म्हणून तिथे चूक परवडत नाही. छातीच्या मापावर ४ इंच सैलपणा नेटका दिसतो, पण उन्हात वारा खेळायला ५ ठेवा. कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जावीत. खोचून घालायचा शर्ट खाली गोल कापून घ्या. बाहेर ठेवायचा असेल तर सरळ, आणि पँटच्या चेनच्या मध्यापर्यंतच. कॉलरच्या आतलं ताठ कापड, म्हणजे बकरम, हलक्या प्रतीचं असलं किंवा नीट चिकटलं नसलं की धुतल्यावर कॉलरवर फुगे येतात आणि ते इस्त्रीने जात नाहीत. फिकट राखाडी रंगावर घाम सगळ्यात ठळक दिसतो, पांढऱ्यावर आणि गडद निळ्यावर कमी.

पण पांढरं टिकवायचं तर बोअरचं पाणी आडवं येतं. जड पाण्यात पावडरला फेस येत नाही, क्षार धाग्यात बसतात आणि कापड मळकट, ताठर होतं. धुण्याचा सोडा चमचाभर आधी पाण्यात विरघळवा, मग पावडर टाका. काखेतल्या पिवळ्या डागांवर क्लोरिनचं ब्लीच ओतू नका, डाग आणखी पिवळा पडतो. डिओ पूर्ण वाळल्यावरच शर्ट घाला आणि संध्याकाळीच शर्टाची काख धुऊन टाका. लिननला थोडं ओलं असतानाच इस्त्री करा, वाळल्यावर सुरकुती हटत नाही.

लग्नाला सूट कशाला? त्याऐवजी पांढऱ्या कुर्त्यावर हिमरूचं बिनबाह्यांचं जॅकेट घाला. हिमरू हे संभाजीनगरचं विणकाम. ताणा (उभे धागे) सुती, बाणा (आडवे धागे) रेशमी. तुघलकाने दौलताबादला राजधानी आणली तेव्हा विणकर इकडे आले, असं मानतात. कापड उलटं करून बघा. नक्षीचे मोकळे धागे मागे लोंबतात आणि अंगठीत, बटणात अडकतात, म्हणून पूर्ण अस्तर हवंच, तेही सुती. कापलेली कड लगेच उसवते, तेव्हा शिलाईत इंचभर माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, ठेवायला आणि कडा ओव्हरलॉक करायला सांगा. समोरच्या दोन्ही पल्ल्यांवर वेलबुट्टी जुळली पाहिजे, त्यासाठी कापड जास्त लागतं. किती, ते पन्हा आणि बुट्टी बघून मास्तरांनाच विचारा, आणि त्यानंतरच कापड फाडायला सांगा. इस्त्री उलट्या बाजूने, मध्यम आचेवर. घरी धुवायचं नाही, ड्रायक्लीनच.