दिवाळीनंतरचा मंगळवार

दिवाळीच्या दोन आठवड्यांच्या सुट्टीनंतर मॅडमकडचं, म्हणजे माझ्या थेरपिस्टकडचं, सेशन पुन्हा सुरू होणार होतं, त्या मंगळवारी मी गेलेच नाही. ऑफिसातून निघता येत नाहीये, असा मेसेज टाकला आणि घरी येऊन कपड्यांच्या घड्या घालत बसले. ऑफिसात काहीही काम नव्हतं. आता आपण बऱ्या आहोत, थेरपी थांबवावी, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

पुढच्या मंगळवारी मॅडम एवढंच म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही आला नाहीत. त्याआधी दोन आठवडे मी नव्हते."

"त्याचा इथे काय संबंध?" मी विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत. आणि मला राग आला. सात महिन्यांत पहिल्यांदा, आणि तोही इतका की हात थरथरायला लागले.

मुळात मी गेले होते झोपेच्या तक्रारीसाठी. पहाटे तीनला जाग यायची, छाती धडधडायची. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या, त्या पुढे वर्षभर चालल्या. त्याआधी एका समुपदेशकांकडे दहा सेशन्स झाली होती. विचारांची वही ठेवायची, मनात आलेला विचार तपासून बघायचा. धडधड त्यानेच आटोक्यात आली आणि त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण तीन चांगल्या नोकऱ्या मी का सोडल्या आणि ठरलेलं लग्न एकोणतिसाव्या वर्षी स्वतःहून का मोडलं, ते त्या वहीत सापडत नव्हतं. प्रत्येक वेळी कारण वेगळं होतं आणि प्रत्येक वेळी ते मला पटलेलं होतं.

सायकोडायनॅमिक थेरपी म्हटलं की लोकांना कोच आठवतो. आमच्याकडे दोन साध्या खुर्च्या होत्या. कोचावर झोपून आठवड्यातून चार-पाच दिवस करायचं ते मूळचं मनोविश्लेषण, म्हणजे मनात खोल दडलेलं बोलण्यातून उलगडणं. ही त्याचीच शाखा. माझी वेळ मंगळवारी सहा ते सहा-पन्नास, आठवड्यातून एकदा. गृहपाठ नाही, तक्ते नाहीत. नियम एकच: मनात येईल ते बोलायचं, क्षुल्लक वाटलं, लाज वाटली, विषयाला सोडून वाटलं तरी. हा नियम मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याचा, व्हिएन्नातला, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा. ही पद्धत आपल्याकडची नाही असं कोणी म्हटलं की मी आवर्जून सांगते, गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यात 1922 सालीच मनोविश्लेषणाची संस्था काढली होती आणि फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता.

नियम सोपा वाटतो, पाळायला फार अवघड. पहिले कित्येक महिने मी सगळं नीट मांडून, सुरुवात-शेवट असलेलं बोलत होते. मॅडमना त्रास होऊ नये, त्या थकू नयेत, याची मीच काळजी घेत होते.

राग आला त्या दिवशी मात्र ते नीटनेटकेपण सुटलं. तुम्ही सुट्टीवर गेलात ते तुमचं बरोबरच आहे, मला काही फरक पडला नाही, असं मी तीनदा बोलले. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "फरक पडू न देणं तुम्ही कधी शिकलात?"

मी चार वर्षांची असताना आईला दिवस होते आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायला मनाई केली होती. मला मिरजेला मावशीकडे ठेवलं, आठ महिने. घरात ही गोष्ट कौतुकाने सांगतात. दोन दिवस दारात बसून रडली, मग अगदी शहाण्यासारखी राहिली. आई बाळाला घेऊन आली तेव्हा ही मावशीच्या मागे लपली, आईकडे गेलीच नाही. इथे सगळे हसतात. मीही हसत आले होते.

जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या संशोधकांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात इंग्लंडमधल्या रुग्णालयांत आईपासून दूर ठेवलेल्या लहान मुलांकडे बारकाईने पाहिलं. मूल आधी आकांत करतं, मग खचतं, मग शांत होतं. मोठ्यांना वाटतं, रुळलं. आई परत येते तेव्हा ते तोंड फिरवतं. हे मी नंतर वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

पण वाचून काही बदललं नसतं, याची मला खात्री आहे. बदललं ते यामुळे की तेच सगळं त्या खोलीत पुन्हा घडलं. जुन्या नात्यातलं वागणं माणूस थेरपिस्टबरोबर नकळत वागतो, त्याला ट्रान्सफरन्स म्हणतात. फ्रॉइडला तो सुरुवातीला अडथळा वाटला होता. पुढे उपचाराचं मुख्य साधन तोच ठरला. मी मॅडमपासून तोंड फिरवलं होतं. फक्त या वेळी समोरच्या माणसाने मला शहाणी म्हटलं नाही, रागावून सोडलंही नाही.

यानंतर सव्वा वर्ष लागलं. मधले कित्येक मंगळवार नुसते जड गेले. खर्चही झाला. जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे विचार येत असतील तर या संथ वाटेने सुरुवात करू नये. आधी डॉक्टर गाठावेत, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर फोन करावा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

एका रविवारी आईला विचारलं, "मला मिरजेला सोडून निघालीस तेव्हा काय झालं?" ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तू झोपेत होतीस गं. उठवलं असतं तर पदर सोडला नसतास. म्हणून तशीच निघाले." मग निवडलेली भाजी ती पुन्हा निवडायला लागली.

थेरपी संपवायची तारीख आम्ही चार महिने आधी ठरवली होती, निरोपावर बोलायला वेळ मिळावा म्हणून. शेवटच्या मंगळवारी सहा-पंचेचाळीसला मी म्हटलं, "मला जायचं नाहीये." मॅडम म्हणाल्या, "हो." पाच मिनिटं मी रडले. सहा-पन्नासला उठले, त्यांचा निरोप घेतला आणि जिना उतरले.