तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या गुन्ह्यावर खरं लिहायचं तर

सोलापुरात गुन्हेगारीवर लिहू पाहणारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. जुना खून किंवा जुना गुंड घेऊन खरंखुरं लिहायचं, तर सुरुवात कुठून करायची? बहुतेकांनी ती केलेलीच असते, वर्तमानपत्राच्या कात्रणापासून. कात्रण तारखेपुरतं कामाचं. घटनेच्या दुसऱ्या दिवशी छापून येतं ते पोलिसांनी सांगितलेलं, आणि चार वर्षांनी आरोपी निर्दोष सुटला तर ती बातमी पहिल्या पानावर क्वचितच येते. सुरुवात निकालपत्रापासून करावी आणि तिथून उलटं मागे जावं.

निकालपत्रात दोन्ही बाजू असतात. साक्षीदार उलटतपासात कुठे अडखळला, कुठला पंच फितूर झाला, जप्तीचा पंचनामा न्यायाधीशांनी का मानला नाही, हे सगळं तिथे मिळतं. फाशीचा खटला असेल तर काम आणखी सोपं होतं. सत्र न्यायालयानं दिलेली फाशी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, त्यामुळे अशा प्रत्येक प्रकरणाला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल असतोच. जिल्ह्यातले कागद मुदत संपून नष्ट झाले तरी तो छापील न्यायनिर्णयांच्या अहवालांत सापडू शकतो. ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ १८९९ पासून निघतो. शोधताना गावाचं नाव ‘शोलापूर’ असं घाला, जुन्या इंग्रजी कागदांत तेच आहे. एकोणीसशे तीस-चाळीसचा खटला ‘एम्परर विरुद्ध’ या नावानं सापडेल, १९६० नंतरचा ‘स्टेट ऑफ महाराष्ट्र’ या नावानं.

इथे एक खाच आहे. १८९८ च्या फौजदारी संहितेखाली सत्र खटले ज्युरीपुढे किंवा असेसरांसह (न्यायाधीशांना मत देणाऱ्या नागरिकांसह) चालत. असेसरांचं मत न्यायाधीशांवर बंधनकारक नव्हतं, म्हणून ते कारणं देऊन निकाल लिहीत. ज्युरीच्या खटल्यात मात्र सविस्तर निकाल लिहायची गरजच नसे, ज्युरीला काय समजावून सांगितलं त्याचे मुद्दे नोंदवले की झालं. अशा प्रकरणात निकालपत्र शोधत बसू नका. अपील झालं होतं का ते पाहा.

नक्कल काढायला गेलात की तुम्ही तिऱ्हाईत अर्जदार ठरता. कारण लिहून द्यावं लागतं, आणि खटला क्रमांक, वर्ष, आरोपीचं नाव यांतलं किमान दोन हातात नसेल तर रेकॉर्ड रूममध्ये कोणी हलत नाही. त्याआधी हद्द तपासा. अक्कलकोट १९४८ पर्यंत संस्थान होतं, तुळजापूर-नळदुर्ग निजामाकडे. बार्शीत दरोडा घालून माणूस रात्रीत मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, उतरला, तर निम्मे कागद दुसऱ्याच राज्याचे. रेल्वेच्या डब्यातला गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे असतो, हेही पुष्कळ जण विसरतात.

आता कबुलीजबाब. लेखकाला सगळ्यात मोह पडतो तो याचा, कारण त्यात गोष्ट आयती मिळते: कोणी बोलावलं, शस्त्र कुठून आणलं, पैसे किती ठरले. पण १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. नव्या कायद्यात कलमाचा आकडा २३ झाला, तत्त्व तेच. टोळ्यांच्या बाबतीत मात्र हे उलटलं. दहशतवादविरोधी ‘टाडा’च्या कलम १५ नं आणि संघटित गुन्हेगारीवरच्या १९९९ च्या ‘मोक्का’च्या कलम १८ नं पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं नोंदवलेला कबुलीजबाब ग्राह्य केला. टोळ्यांवरच्या लेखनात नव्वदच्या दशकापासून जे आतलं, खोलीत बसून ऐकल्यासारखं वर्णन येतं, त्यातलं बरंचसं इथून येतं. आरोपीनं तो जबाब नंतर न्यायालयात नाकारला का, एवढं तरी बघा. चकमकीत मेलेल्याचं तर त्याहून अवघड. मुंबईचा गुंड मन्या सुर्वे ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्यात मारला गेला. मेलेल्यावर खटला चालत नाही, म्हणजे उलटतपासही नाही. गोळी झाडणाऱ्याची फिर्याद हाच मुख्य कागद उरतो.

पहिल्यावहिल्या गुप्तहेरांकडे याच नजरेनं बघावं. मुंबईचा पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट वेषांतरात पटाईत. १८५७ मध्ये सोनापूरजवळच्या घराच्या भिंतीला भोकं पाडून त्यानं शिपायांची खलबतं ऐकली आणि दोघांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं. हे आपल्याला कळतं ते मुख्यतः त्याच्याच पुस्तकातून. ठगांमागे लागलेल्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानंही स्वतःच लिहिलं, माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर. १८३६ च्या कायद्यानं तर ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप. स्वतःची मान वाचवायला नावं सांगणाऱ्याच्या शब्दावर किती विसंबायचं? आजचं न्यायालय त्याला दुजोरा मागतं, लेखकानंही मागावा. काळाचं भानही ठेवा. बोटांच्या ठशांचं कार्यालय कलकत्त्यात १८९७ ला निघालं (मेहनत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची, नाव त्यांचा साहेब एडवर्ड हेन्री याचं). रक्त माणसाचं की जनावराचं हे सांगणारी चाचणी १९०१ ची. १८८५ च्या खुनात फौजदारानं पेल्यावरचा ठसा ओळखला असं लिहिलंत, की पुढचं वाचायची गरज नाही.

सोलापूरकरानं तरी ‘सराईत’ हा शिक्का तपासल्याशिवाय उचलू नये. आपल्याकडची सेटलमेंट, म्हणजे बंदिस्त वसाहत, अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणाऱ्या गुन्हेगार जमाती कायद्यातून आली, आणि तो कायदा देशभरातून १९५२ मध्येच गेला. त्याखाली सरकारी हजेरी चुकवणं हाच गुन्हा होता. पाच वेळा शिक्षा झालेला माणूस दिसला, तर कलमं वाचा. पाचही वेळा तो फक्त हजेरीला नव्हता, असं निघू शकतं. आजच्या गुंडाबद्दलही तेच. तडीपारी हा प्रशासकीय आदेश, जास्तीत जास्त दोन वर्षांचा. ती शिक्षा नव्हे. आणि चार पुतळ्यापाशी ज्यांना आपण हात जोडतो ते स्वातंत्र्यलढ्यातले हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे सरकारी कागदात पोलिसांच्या खुनाचे आरोपीच आहेत. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात त्यांना फाशी झाली.

राहिला नावांचा प्रश्न. खुनी ऑटो शंकरच्या आत्मचरित्रावरच्या १९९४ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की न्यायालयीन कागदांसह सार्वजनिक दस्तऐवजांवर आधारित लेखनाला परवानगी लागत नाही. त्याच निकालानं लैंगिक अत्याचाराच्या बळींची नावं या मुभेतून वगळली, आणि अल्पवयीन आरोपीचं नाव छापायला वेगळ्या कायद्यानं बंदी आहे. मृताची बदनामीही कुटुंबाच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केली तर गुन्हा ठरू शकते. सुटलेल्या आरोपीबद्दल लिहिताना ‘निर्दोष सुटला’ हे त्याच्या नावाच्या पहिल्याच उल्लेखाला जोडून लिहा, शेवटच्या पानावर नको.