मे महिन्यातलं नांदूर आणि शेकाट्याची चार अंडी

मे महिन्यात नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चाललेय म्हटलं की ओळखीतले सगळे एकच म्हणतात, आता काय बघणार तिथे, पक्षी तर गेले. गेले हे खरंय. थापट्या, तलवार बदकं, करकोचे सगळे उन्हाळा लागेपर्यंत उत्तरेला निघून जातात आणि त्यांच्यासोबत रविवारची गर्दीपण जाते. पण जे इथलेच आहेत त्यांचा संसार याच दिवसांत मांडलेला असतो, आणि मला आता हिवाळ्यापेक्षा हाच सीझन जास्त आवडायला लागलाय.

यावेळी अण्णांना सोबत नेलं. पहाटे पाचला नाशिकहून निघालो, चांदोरी, सायखेडा करत चापडगावला पोचलो तेव्हा नुकतं उजाडलेलं. वाटेत एप्रिल छाटणी झालेल्या द्राक्षबागा नव्या फुटीनं हिरव्यागार, आणि जागोजागी चाळीत कांदा भरायचं काम चालू.

नांदूरचं पाणी म्हणजे मुळात सिंचनाचं पाणी. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा बांधला, त्याच्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, उथळ पाणी, चिखल, गवताळ बेटं तयार झाली आणि पक्ष्यांनी ती जागा आपली केली. 1986 ला अभयारण्य झालं, पुढे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, पण हेच. तरी पाण्याची पातळी आजही ठरते ती धरणातून पाणी कधी सुटतं आणि कालव्याला कधी जातं त्यावर. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं त्याच्याशीच जोडलेलं आहे.

काठावर उतरलो आणि टिटवीनं लगेच ओरडून सगळ्या परिसराला खबर दिली. आमची आजी रात्री टिटवी ओरडली की अशुभ म्हणून देवाचं नाव घ्यायची, मी पण लहानपणी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचे. आता कळतं की ती बिचारी उघड्या जमिनीवर अंडी घालते, कोल्हा, कुत्रं, मुंगूस, साप सगळ्यांची भीती, मग रात्रीपण जागीच राहणार ना. अण्णा म्हणाले, "टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, नदीच्या पात्रात घातली तर ओढ देणार, आम्ही आधी तेच बघायचो." खरं-खोटं राहू दे, पण त्या निमित्तानं आख्खं गाव टिटवीचं घरटं कुठे आहे ते लक्षात ठेवायचं आणि नांगर तेवढ्यापुरता बाजूनं घ्यायचं, हे मला फार मोलाचं वाटतं. घरटं म्हणजे तरी काय, नुसता खळगा आणि चार खडे. त्यात मातकट रंगाची काळ्या ठिपक्यांची चार अंडी, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

मग गाईडनं स्कोपमधून, म्हणजे स्टँडवरच्या दुर्बिणीतून, शेकाट्या दाखवला. काळे पंख, पांढरंशुभ्र अंग आणि ते गुलाबी काड्यांसारखे लांबच लांब पाय. एरवी उभा असतो तेव्हा आपण बघतच राहतो, पण तो अंड्यांवर बसतो कसा ते एकदा तरी बघा. आधी वाकून चोचीनं अंडी जरा हलवली, मग पाय दुमडत दुमडत हळूच खाली गेला, पाय मागे बाहेर राहिले आणि चिखलात फक्त काळं-पांढरं अंग दिसायला लागलं. थोड्या वेळानं जोडीदार आला, पोटाची पिसं भिजवून आलेला, आणि बदली झाली. नर-मादी दोघं आळीपाळीनं बसतात, तीनेक आठवडे. आपल्याला वाटतं अंडी उबवायची म्हणजे गरम ठेवायची, पण मे महिन्यातल्या उन्हात खरी धडपड असते ती अंडी गार ठेवायची.

आणि तेवढ्यात गाईड म्हणाला, "ताई, परवापासून आवर्तन सुटलंय, पाणी चढतंय." आवर्तन म्हणजे शेतीसाठी ठरलेल्या पाळीनं धरणातून सोडलेलं पाणी. घरट्यापासून पाणी जेमतेम हातभर राहिलेलं. शेकाट्या बसल्या जागेवरून मान लांबवून गवताच्या काड्या ओढत होता आणि अंगाखाली घालत होता, घरटं उंच करायचा प्रयत्न. आम्ही दोघं कितीतरी वेळ काही बोललोच नाही. पाणी चुकीच्या माणसाला चाललेलं नाही, खाली कोपरगाव-वैजापूरकडे पिकं आणि माणसं त्याचीच वाट बघत असतात, त्यामुळे रागवायचं तरी कोणावर. पण बेटांवर घरटी असतात त्या दोन-अडीच महिन्यांत पाणी एकदम न चढवता थोडं थोडं सोडता आलं तर बघायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या हातातली गोष्ट मात्र आपण करू शकतो. मागच्या वर्षी मी स्वतः फोटोसाठी चिखलात उतरले होते, टिटवी पंख मोडल्यासारखी लंगडत माझ्यापुढे पळत होती आणि मी आनंदानं तिच्यामागे क्लिक करत गेले. ती मला घरट्यापासून लांब नेत होती हे नंतर समजलं. तेवढा वेळ अंडी भर उन्हात उघडी. तो फोटो मी कुठेच टाकलेला नाही. आता मी काठ सोडत नाही, स्कोपमधून दिसेल तेवढंच बघते, आणि घरट्याचं लोकेशन ग्रुपवर टाकत नाही, तुम्हीपण टाकू नका प्लीज.

पुढच्या रविवारी परत गेलो, अण्णा स्वतःहून तयार होऊन बसलेले. घरटं पाण्याखाली गेलं होतं. त्या जागी नुसत्या काड्या तरंगत होत्या. आम्ही बराच वेळ स्कोप फिरवत राहिलो, आणि मग पन्नासेक फुटांवर जरा उंचवट्यावर एक जोडी दिसली, तीच की दुसरी ते सांगता येत नाही. एक जण छाती टेकवून चिखलात खळगा करत होता, दुसरा बाजूला उभा. अण्णा स्कोपवरून डोळा काढेचनात. शेवटी म्हणाले, "यावेळी वर घेतलंय गं."