चौदा जुलैच्या पॅरिसचा दिवस रात्रीकडून आखायचा

१४ जुलै २०२५, सोमवार. फ्रान्सचा राष्ट्रीय दिन, आणि मी घेऊन आलेल्या सहलीच्या ग्रुपमध्ये बहुतेक साठीपुढचे काका-काकू. सगळ्यांच्या दोन मागण्या होत्या: शांझेलिझेवरचं लष्करी संचलन आणि रात्री अकराची आयफेल टॉवरची आतषबाजी. संचलनाचा आग्रह समजण्यासारखाच होता. २००९ साली याच रस्त्यावर भारतीय तुकडीच्या अग्रभागी आपली मराठा लाईट इन्फंट्री होती.

या दिवशी खरी अडचण होते ती बस ड्रायव्हरच्या तासांची. युरोपच्या नियमानुसार ड्रायव्हरला रोज सलग अकरा तास विश्रांती द्यावी लागते. ती नऊवर आणता येते, पण दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये तीनदाच. म्हणजे सकाळी साडेसातला बस काढली, तर नऊ तासांची विश्रांती धरूनही रात्री साडेदहाला ती हॉटेलवर उभी हवी. आतषबाजी तर अकराला सुरू होते, कारण जुलैत तिथे सूर्यच पावणेदहानंतर मावळतो. म्हणून सकाळी बस घेतलीच नाही. ड्रायव्हरची ड्युटी दुपारी दोनला सुरू केली.

सकाळी आरईआर ए या उपनगरी गाडीने शहराच्या पश्चिमेच्या ला देफाँस या उंच इमारतींच्या भागात गेलो. संचलन जवळून बघायचं तर भल्या पहाटे जाऊन कठड्यापाशी जागा धरावी लागते, बॅगांची झडती असते, आणि एकदा आत गेलं की शौचालयासाठी बाहेर पडणं मुश्किल. गुडघेदुखीवाल्यांना चार तास तसं उभं करणं मला पटत नाही. शिवाय एत्वाल, जॉर्ज सँक, काँकॉर्द ही मेट्रो स्थानकं बंद असतात. लाइन १ तिथून न थांबता जाते. विमानं मात्र ला देफाँसवरूनच शांझेलिझेकडे जातात. साडेदहानंतर ‘पात्रुय द फ्रान्स’ या फ्रेंच हवाई दलाच्या कसरतपथकाची नऊ आल्फाजेट विमानं निळा-पांढरा-लाल धूर सोडत डोक्यावरून गेली आणि पायऱ्यांवर बसलेल्या आमच्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मागोमाग लढाऊ विमानं आली, मग जड वाहतुकीची. जमिनीवरचं संचलन कोणाच्या तरी फोनवर चालू होतं.

दुपारी सरळ हॉटेल आणि झोप. आयफेल टॉवर त्या दिवशी बंद असतो आणि लूव्र फुकट म्हणून तुडुंब भरतं, त्यामुळे दोन्ही आधीच उरकलं होतं.

संध्याकाळी पासाज ब्रादी या भारतीय खानावळींच्या गल्लीत जेवण लवकर आटोपलं. आतषबाजीसाठी टॉवरच्या पायथ्याच्या शाँ द मार्स मैदानावर जायचं नाही, हे मी सगळ्यांना आधीच समजावून सांगितलं होतं. तिथे शिरता येतं, निघता येत नाही. त्रोकादेरो, बिर-हाकेम अशी जवळची स्थानकं बंद, त्यामुळे लाखो माणसं एकदम लांबच्या स्थानकांकडे चालू लागतात. हात सुटला की माणूस तासभर सापडत नाही, आणि फोनला नेटवर्क मिळेलच असं नाही. आम्ही रेप्युब्लिकहून लाइन ११ ने पिरेने स्थानकावर उतरलो आणि र्‍यू पियातवर, बेलव्हिल बागेच्या माथ्यावर गेलो. टॉवर तिथून पावणेसात किलोमीटरवर, पण समोर सगळं शहर उघडं. पावणेदहालाच पोहोचलो, म्हणून कठड्याजवळ जागा मिळाली. प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचं कार्ड, पाण्याची बाटली, आणि मधुमेह असलेल्यांकडे खाकरा व खजूर.

इतक्या अंतरावर उजेड आधी दिसतो. लाल फुलोरा टॉवरभोवती उमलून विझतो, आणि वीसेक सेकंदांनी दबका धडाका पोहोचतो, तोवर आकाशात भलताच रंग असतो. एका काकूंनी विचारलं, “हा आवाज आत्ताचा की मघाचा?” शेजारचे काका मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजून सांगू लागले. अर्ध्या तासाहून जास्त वेळ कोणी जागचं हललं नाही.

संपल्यावर दहा मिनिटं मुद्दाम थांबलो आणि गर्दी पुढे जाऊ दिली. मग उतारावरून बेलव्हिल चौकात, बसपाशी. चढताना एकेक करून मोजणी. एकच्या आत हॉटेल गाठलं. म्हणजे नऊ तास धरून ब्रसेल्सची बस सकाळी दहाला.