तुम्हीच तर म्हणालात, दादा

भिवंडीच्या गोदामातून "मशीन उचलत नाही" असा फोन आला की मी पंपाकडे नंतर वळतो. आधी प्लॅटफॉर्मवर काय लादलंय ते बघतो. त्या दिवशी २३० किलो पेलणाऱ्या जुन्या सिझर लिफ्टवर, म्हणजे कात्रीसारख्या हातांवर वर जाणाऱ्या प्लॅटफॉर्मवर, दोन फिटर उभे होते आणि स्प्रिंकलरच्या चार इंची पाइपचे तीन-तीन मीटरचे सहा तुकडे होते, एकेक पस्तीस किलोच्या वर. वजन जास्त झालं की तेल परत सोडून मशीन उठू न देणारा तो रिलीफ व्हॉल्व्ह; त्याचं सील कुणीतरी तोडून स्क्रू आवळला होता. तरीही उचलेना, म्हणून मला बोलावणं.

हा व्हॉल्व्ह सेट करणं हे माझं आवडीचं काम. बरोबर २३० किलो वजन ठेवायचं, स्क्रू सैल करून पाव-पाव फेऱ्याने आवळत जायचं, मशीन जेमतेम उठलं की थांबायचं. वर थोडं वजन वाढवलं की उठता कामा नये. मग नवं सील.

ऑपरेटर जळगावकडचा, विशीतला पोरगा. त्याने विचारलं, "दादा, सुरुवातीलाच एवढं का कण्हतं?" असं विचारणारा ऑपरेटर मला क्वचित भेटतो. मी खूश होऊन सांगायला बसलो. गाडीचा जॅक आठव, म्हटलं. कात्रीचे हात आडवे असतात तेव्हा सिलिंडरचा बहुतेक जोर आडवाच जातो. हातांची एकच जोडी नि आडवा सिलिंडर धरला, तर १० अंशांवर वजनाच्या साडेपाचपटीहून जास्त जोर लागतो, ४५ अंशांवर वजनाइतकाच. "एकदा हात उभे झाले की मशीनला सोपं जातं."

चार दिवसांनी बॅटरीच्या कामासाठी त्याच गोदामात गेलो. लिफ्ट मेझनाइनला, म्हणजे गोदामातल्या मधल्या माळ्याला, लागून उभी, पुढचा सरकता डेक बाहेर काढलेला. त्या डेकची मर्यादा ११३ किलो, आणि त्याच्यावर दहा तुकडे! रिकामं मशीन वर न्यायचं आणि पाइप मेझनाइनवरून चढवायचे, अशी त्याने युक्ती काढली होती.

मी ओरडलो. तो गोंधळून म्हणाला, "तुम्हीच तर म्हणालात, दादा, वर सोपं जातं."

रिलीफ व्हॉल्व्हला फक्त उचलतानाचा दाब कळतो. वर उभ्या मशीनवर पाइप चढवले, तर त्याला पत्ताच नाही. सिलिंडरच्या बुडाशी असलेला होल्डिंग व्हॉल्व्ह तेल अडवून धरतो, वजन मोजत नाही. आणि उतरताना हात पुन्हा आडवे होतात, तेच वजन सिलिंडरला जास्त जास्त जड होत जातं. वजनाचा सेन्सर असलेलं मशीन मागवा, हे मी दोनदा लिहून दिलं होतं. भाडं जास्त पडतं म्हणून ते आलं नाही. सुपरवायझर तर मलाच विचारत होता, "सील शाबूत आहे ना? मग?"

पाइप एकेक करून मेझनाइनवर परत घेतले. मशीन रिकामं खाली आणलं. मग पुन्हा उचलून, मेंटेनन्सचा टेकू लावून, टॉर्च धरून प्रत्येक पिन आणि वेल्डिंग पाहिलं. तडा नव्हता. पोरगा शेजारी उभा राहून टॉर्च धरत होता. उतरतानाची गोष्ट त्याला तिथेच सांगितली, जी चार दिवसांपूर्वी सांगायला हवी होती.

"रोज असंच चढवत होता का?" मी विचारलं.

त्याने मान हलवली, "दिवसातून पाच-सहा वेळा."