माळावरचा दुसरा थांबा

माळावरच्या माउंटन बाइक शर्यतीत स्पर्धकांना पाणी-खाणं देणाऱ्या थांब्यावर मदतीला म्हणून शनिवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरला उतरले. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. पुण्याहून या गाडीत बसलं की मला दर वेळी तेच आठवतं. डब्यात हेल्मेट लटकवलेल्या बऱ्याच पाठपिशव्या होत्या. माझी सायकल मात्र या खेपेला घरीच होती. मागच्या वर्षी अशाच एका लांब पल्ल्याच्या माउंटन बाइक शर्यतीत माझी बोटं इतकी आखडली होती की बाटलीचं झाकण उघडेना. एका अनोळखी बाईने ते उघडून बाटली माझ्या तोंडाला लावली होती. तेव्हाच ठरवलं होतं, एकदा त्या बाजूला उभं राहायचं.

पहाटे पाचला टेम्पो बार्शी रोडला लागला. पाण्याचे जार, केळी, उकडलेले बटाटे, मीठ, ओआरएसच्या पुड्या आणि आमच्यासाठी कडक भाकरी, शेंगाचटणी. ३५ किलोमीटरच्या तीन फेऱ्या, एकूण १०५. आमचा थांबा प्रत्येक फेरीत एकोणिसाव्या किलोमीटरला, एका बाभळीखाली. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली राखलेलं नान्नजचं अभयारण्य याच बाजूला आहे. मार्ग त्याच्या हद्दीबाहेरून आखला होता, पण माळ तसाच: गुडघ्याएवढं वाळलेलं गवत, मुरूम, मध्येच ज्वारीचं हिरवं रान. उजाडताना काळविटांचा कळप समोरून गेला. अशा जमिनीला सरकारी कागदात पडीक म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मार्गाच्या खुणेसाठी आम्ही नारिंगी रिबिनी बांधत होतो. मेंढरं घेऊन निघालेले एक धनगर मामा थांबले.

"ताई, हे प्लास्टिक हाय व्हय? मेंढरानं खाल्लं तर पोटात बसतं बघा."

"संध्याकाळी एकूण एक काढून नेते, मामा."

"किती बांधल्या?"

मोजल्या. आमच्या टप्प्यात चाळीस.

पुढचे स्पर्धक थांबलेच नाहीत. पळता पळता बाटली हातात द्यायची, एवढंच. खरं काम सुरू झालं दुसऱ्या फेरीत, आणि ते बाभळीच्या काट्यांनी दिलं. ट्यूबलेस टायर असेल तर काटा काढून भोक खाली येईल असं चाक फिरवायचं, आतलं सीलंट, म्हणजे चिकट द्रव, तिथे साचतं आणि भोक बुजवतं. पण ट्यूबवाल्यांचे हाल. एका मुलीने नवी ट्यूब घातली, तर तिचीही हवा दहा मिनिटांत गेली. टायरच्या आतून बोट फिरवलं तर रबरात मोडलेलं टोक हाताला लागत होतं, नखाला येत नव्हतं. मामा शेजारीच बसले होते. त्यांनी करदोट्याला बांधलेला चिमटा सोडला, टायर उलटा करून गुडघ्यावर ताणला आणि ते टोक अलगद उपसून तळहातावर ठेवलं. तांदळाच्या कणीएवढं. ती मुलगी त्यांच्या पाया पडली, मग मामाच लाजले. नंतर तिसऱ्या फेरीपर्यंत त्यांनी आणखी चार टायर साफ केले.

बारानंतर ऊन चढलं. आता माणूस बघावा लागतो. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं, डोकं दुखतं, माणूस गोंधळतो. म्हणून ओआरएसची पुडी पुडीवर लिहिलेल्या मापानेच कालवायची, अंदाजाने नाही. मी प्रत्येकाला नाव आणि पुढचं वळण विचारत होते. उत्तर ऐकायला नाही, ते किती वेळाने येतं ते बघायला.

तिसऱ्या फेरीत आमच्या थांब्याची मुदत होती दुपारी दोन, त्यानंतर आलेल्याला पुढे सोडायचं नाही. अक्कलकोटकडचा एक पोरगा दोन वाजून चौदा मिनिटांनी आला. जर्सीवर मिठाचे पांढरे पट्टे, ओठ फुटलेले.

"ताई, सोळाच किलोमीटर राहिलंय की. जाऊ द्या."

पुढचं वळण विचारलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. कोलोरॅडोतल्या लेडव्हिलची शंभर मैलांची शर्यत १९९४ पासून चालते, तिथेही बारा तासांची मुदत असते. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी त्याच्या छातीवरचा नंबर काढताना सेफ्टीपिन सुटेना. पुढे रुग्णवाहिका जाईल असा रस्ताच नव्हता. मी त्याला तेवढंच सांगितलं. तो बाभळीला टेकून रडला. मीही सावरायला जरा बाजूला गेले.

तासाभराने ओआरएस आणि दोन बटाटे पोटात गेल्यावर तो बोलायला लागला. शर्यत संपली होती, टेम्पो यायचा होता. मी रिबिनी काढायला निघाले तर म्हणाला, "मीबी येतो."

आम्ही दोघं रमतगमत चालत गेलो. गाठी काट्यांत अडकलेल्या, बोटं सोलली. एकोणचाळीस भरल्या. चाळिसावी काही दिसेना. टेम्पोवाला हॉर्न देत होता, सूर्य खाली गेला होता, माळावर गवताचाच रंग नारिंगी झालेला. पोरगा परत मागे गेला, ओढ्याच्या कडेला वाकला आणि हात वर केला. वाऱ्याने सुटून बोरीच्या झुडपात गेली होती.

मामा मेंढरं वाड्याकडे वळवत होते. मी लांबूनच दोन्ही हातांनी चाळीस दाखवले. त्यांनी काठी वर केली.